नव्या शिक्षकानें कोरियांत कोणत्या शहरीं राहावें?

परदेशीं जाऊन कांहीं वर्षें शिक्षकाचें काम करावें, जग पाहावें आणि चार पैसे गांठीला बांधून परत यावें, असा विचार अलीकडे पुष्कळ पदवीधर तरुणांच्या मनांत येतो. अशा देशांत कोरियाचें नांव वारंवार ऐकूं येतें. कोरियन चित्रपट आणि गाणीं आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचीं झालीं आहेत, त्यामुळें त्या देशाविषयीं त्यांना ओढही वाटते. पण गाण्यांतून दिसणारा देश निराळा आणि रोज सकाळीं शाळेच्या फाटकांतून आंत शिरणाऱ्या शिक्षकाचा देश निराळा. तेथें जाण्याचें ठरलें म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, राहावयाचें कोणत्या शहरांत? हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ दिसतो. परंतु नवख्या माणसाचें पहिलें वर्ष सुखाचें जाणार कीं कष्टाचें, हें पुष्कळ अंशीं त्याच्या उत्तरावर अवलंबून असतें. पालकांच्या दृष्टीनें तर तो अधिकच जिव्हाळ्याचा आहे. म्हणून या लेखांत आम्ही त्या देशाच्या प्रमुख शहरांची ओळख करून देण्याचें आणि निवड कशी करावी याचा विचार करण्याचें योजिलें आहे. येथें कोरिया म्हणजे दक्षिण कोरिया, असेंच सर्वत्र समजावें.

देशाची ओळख

कोरिया हा आकारानें लहान देश आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सुमारें एक तृतीयांश. लोकसंख्या मात्र ५ कोटींहून अधिक आहे. आणि भूमीचा बराच मोठा भाग डोंगराळ असल्यामुळें ही सर्व वस्ती नद्यांच्या खोऱ्यांत व समुद्रकांठच्या सपाटींत दाटलेली आहे. त्यांतही नवल असें कीं, देशांतील निम्म्याहून अधिक माणसें सोल, इंचॉन आणि त्यांच्या भोंवतालचा ग्यॉंगी प्रांत एवढ्या एका कोपऱ्यांत राहतात. उरलेल्या सर्व देशांत उरलेले निम्मे. ही एक गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपें जाईल.

राज्यव्यवस्थेच्या सोयीसाठीं देशाचे सतरा भाग पाडलेले आहेत. सोल हें विशेष शहर. बुसान, देगू, इंचॉन, ग्वांगजू, देजॉन व उल्सान हीं सहा महानगरें. २०१२ सालीं नव्यानें वसविलेलें सेजोंग शहर. आणि जेजू बेटासह नऊ प्रांत. या प्रत्येक भागाची स्वतंत्र शिक्षण-कचेरी आहे. सरकारी शाळेंतील परदेशी शिक्षक कोणत्या शाळेंत पाठवावयाचा हें ती कचेरी ठरविते. म्हणून शहराची निवड म्हणजे खरोखर या सतरा कचेऱ्यांपैकीं एकीची निवड होय, असें म्हणावयास हरकत नाहीं.

नेमणूक कशी होते?

परदेशी शिक्षकांना मुख्यतः दोन ठिकाणीं काम मिळतें. पहिलें ठिकाण सरकारी शाळा. १९९५ सालीं कोरियन सरकारनें इंग्रजीच्या परदेशी शिक्षकांची एक योजना सुरू केली. ती ‘एपिक’ या नांवानें ओळखली जाते. तिच्यांत ज्या सात देशांत इंग्रजी ही मातृभाषा म्हणून चालते त्या देशांचे नागरिक घेतले जातात. आपल्या वाचकांना हें वाचून वाईट वाटेल. परंतु भारतीयांना दार अगदींच बंद आहे असें नव्हे. भारत व कोरिया यांच्यामधील आर्थिक सहकार्याचा करार १ जानेवारी २०१० पासून अंमलांत आला. त्यांत ज्या व्यवसायांना परवानगी देण्यांत आली, त्यांत प्राथमिक व माध्यमिक शाळांतील इंग्रजीचा सहायक शिक्षक हा एक व्यवसाय आहे. यासाठीं पदवी आणि शिक्षकाचा परवाना हीं दोन्ही हातीं असावीं लागतात. नियम वेळोवेळीं बदलतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वीं कोरियन वकिलातीकडून खात्री करून घ्यावी, आणि पैसे घेऊन नोकरी मिळवून देतों म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या शब्दावर विसंबूं नये.

दुसरें ठिकाण खासगी शिकवणीवर्गांचें. त्यांना तेथें ‘हाग्वॉन’ म्हणतात. कोरियन मुलें शाळा सुटल्यावर गणित, इंग्रजी, संगीत अशा नाना विषयांसाठीं या वर्गांना जातात. त्यामुळें हाग्वॉनच्या शिक्षकाचें काम दुपारीं सुरू होऊन रात्रीं संपतें. सोलमध्यें तर रात्रीं दहानंतर वर्ग चालवूं नयेत असा नियम करावा लागला, यावरून मुलांच्या अभ्यासाचा भार केवढा असेल हें दिसून येईल. याच्या उलट सरकारी शाळेंत सकाळीं जावें, आठवड्याला सामान्यतः बावीस तास घ्यावे, कोरियन शिक्षकाच्या जोडीनें वर्ग चालवावा आणि सायंकाळीं घरीं यावें, असा क्रम असतो. तेथील तास प्राथमिक शाळेंत चाळीस मिनिटांचा, मधल्या शाळेंत पंचेचाळीस मिनिटांचा व वरच्या शाळेंत पन्नास मिनिटांचा असतो. शालेय वर्ष मार्चमध्यें सुरू होतें. दुसरें सत्र उन्हाळ्याच्या सुटीनंतर, ऑगस्टच्या अखेरीस.

निवडीच्या दृष्टीनें या दोहोंत मोठा भेद आहे. हाग्वॉनचा करार करतांना शहर कोणतें, रस्ता कोणता, इमारत कोणती हें आधींच कळतें. सरकारी शाळेच्या बाबतींत अर्जामध्यें आपली पसंती लिहितां येते, पण ती मिळेलच अशी हमी नसते. महानगराची कचेरी पदरीं पडली तर शहर तरी निश्चित होतें. प्रांताची पडली तर एखादें मोठें शहर मिळेल किंवा डोंगरांतील खेडें मिळेल, हें आधीं सांगतां येत नाहीं. कित्येकदां एकाच शिक्षकाला आठवड्यांत दोन-तीन शाळांना जावें लागतें. तेव्हां अर्जाच्या त्या एका ओळींत काय लिहावयाचें, याचा विचार घरींच शांतपणें व्हावयास पाहिजे.

निवड करतांना काय पाहावें?

पुष्कळ जण शहराची कीर्ति पाहून निवड करतात. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. माणूस शहराच्या कीर्तींत राहत नाहीं. तो एका खोलींत, एका शाळेंत आणि त्या दोहोंमधील रस्त्यावर राहतो. म्हणून पुढील गोष्टी आधीं पाहाव्या.

पहिली गोष्ट घर. शिक्षकाला बहुधा शाळेकडून एक खोली मिळते किंवा घरभाडें म्हणून ठराविक रक्कम मिळते. खोली लहान असते. त्यांतच झोपणें, स्वयंपाक आणि स्नानगृह. जमिनीखालून ऊब देण्याची ‘ओंदोल’ नांवाची जुनी पद्धति तेथें अजून चालू आहे. फरक इतकाच कीं, पूर्वीं चुलीचा धूर जमिनीखालून खेळवीत, आतां गरम पाण्याच्या नळ्या असतात. स्वतः खोली शोधावयाची झाल्यास मासिक भाड्याखेरीज मोठी अनामत आधीं भरावी लागते. सोलमध्यें एका खोलीसाठीं पन्नास लक्ष ते एक कोटि वॉन अनामत मागितल्यास आश्चर्य मानण्याचें कारण नाहीं. नव्या शिक्षकाजवळ एवढी रक्कम कोठून असणार? यासाठीं पहिल्या वर्षीं शाळेनें दिलेलीच खोली पत्करणें शहाणपणाचें.

दुसरी गोष्ट हवा. कोरियांत चार ऋतु स्पष्ट आहेत. सोलमध्यें जानेवारीचें सरासरी उष्णमान शून्याखालीं दोन अंश असतें आणि थंडीची लाट आली म्हणजे पारा उणे दहाच्याही खालीं जातो. दक्षिण किनाऱ्यावरील बुसानमध्यें त्याच महिन्याची सरासरी शून्यावर तीन अंशांच्या पुढें असते. कोंकणांत किंवा मुंबईंत वाढलेल्या माणसाला हे पांच-सहा अंश फार वाटतात. वसंत ऋतूंत वायव्येकडील वाळवंटांतून पिवळी धूळ उडून येते. दम्याचा विकार असणाऱ्यांनीं तिचा विचार अवश्य करावा.

तिसरी गोष्ट भाषा. राजा सेजोंग यानें पंधराव्या शतकांत तयार करवून १४४६ सालीं प्रसिद्ध केलेली हंगुल लिपि इतकी सोपी आहे कीं, तिचीं चोवीस अक्षरें मेहनती विद्यार्थी आठवड्यांत शिकूं शकतो. भाषा मात्र इतक्या लवकर येत नाहीं. सोलमध्यें इंग्रजीवर बरेंच भागतें, म्हणून कोरियन शिकण्याची निकड भासत नाहीं. लहान गांवीं भाजी घ्यावयाची तरी कोरियन बोलावें लागतें, म्हणून ती लवकर येते. सोय आणि शिक्षण या दोहोंत येथें अशी ओढाताण आहे.

चौथी गोष्ट जेवण. तेथेंही भात हेंच मुख्य अन्न असल्यामुळें आपल्या माणसाला उपाशी राहावें लागत नाहीं. परंतु शाकाहारी माणसाची अडचण होते. भाजीच्या रश्श्यांत सुकी मासळी आणि किमचीमध्यें खारविलेली कोळंबी बहुधा असतेच. सोलच्या इतेवॉन भागांत, तसेंच परदेशी कामगारांची वस्ती असलेल्या आन्सान व किम्हे या शहरांत, डाळी व मसाले मिळण्याचीं दुकानें आहेत. इतरत्र ते टपालानें मागवावे लागतात.

पांचवी गोष्ट सोबत. एकटेपणा हें नव्या शिक्षकाचें सर्वांत मोठें संकट होय, आणि तें बहुधा सणाच्या दिवशीं अंगावर येतें. शरद ऋतूंतील चुसोक आणि चांद्र नववर्षाचा सोल्लाल या दोन सणांना सर्व कोरियन आपापल्या मूळ गांवीं जातात, दुकानें बंद होतात, आणि परक्या माणसाला आपलें घर आठवतें. अशा वेळीं हांकेच्या अंतरावर कोणी ओळखीचें असावें.

शहरांचा परिचय

सोल. १३९४ सालापासून हें कोरियाच्या राजधानीचें शहर आहे. हान नदीच्या दोन्ही तीरांवर सुमारें ६०५ चौरस किलोमीटरांत ९० लक्षांहून अधिक लोक राहतात. १३९५ सालीं बांधलेला ग्यॉंगबोकगुंग राजवाडा आणि त्याच्या पाठीमागील डोंगर यांच्यासमोर आजच्या उंच इमारती उभ्या आहेत. भुयारी रेल्वे १५ ऑगस्ट १९७४ रोजीं सुरू झाली. आतां तिचें जाळें शेजारच्या प्रांतांतही पसरलेलें आहे. ग्रंथालयें, संग्रहालयें, विद्यापीठें, भारतीय वकिलात हें सर्व येथें आहे. शिक्षणाच्या इतिहासांतही या शहराचें स्थान मोठें. १८८५ सालीं अपेंझेलर यांनीं मुलांची पेजे शाळा आणि १८८६ सालीं श्रीमती स्क्रँटन यांनीं मुलींची इह्वा शाळा येथेंच काढली. त्यांपैकीं इह्वाचें पुढें प्रसिद्ध महिला विद्यापीठ झालें. तथापि सोलचे दोष लहान नाहींत. जागा महाग, प्रवासांत वेळ जातो, करमणुकीचीं साधनें पावलोपावलीं असल्यामुळें पगार हातीं राहत नाहीं. शिल्लक टाकून घरचें कर्ज फेडावयाचें असेल त्यानें याचा नीट हिशेब करावा.

इंचॉन व ग्यॉंगी प्रांत. इंचॉन हें बंदर १८८३ सालीं परदेशी व्यापाराला खुलें झालें. देशाचा मुख्य विमानतळ २००१ पासून येथील बेटावर आहे. ग्यॉंगी प्रांतांत सुवॉन हें जुनें शहर असून १७९६ सालीं पूर्ण झालेली तेथील ह्वासॉंग तटबंदी पाहण्यासारखी आहे. या भागांत राहणाराला सोलचे फायदे आगगाडीनें तासाभरांत मिळतात आणि घर तुलनेनें स्वस्त पडतें. मात्र ग्यॉंगी प्रांत मोठा आहे; त्याचा उत्तरेकडील भाग सरहद्दीला भिडलेला आहे. केवळ ‘सोलजवळ’ एवढें ऐकून होकार देऊं नये. नकाशावर शाळा कोठें आहे तें पाहावें.

बुसान. हें देशांतील दुसरें मोठें शहर. वस्ती ३० लक्षांच्या वर. येथील बंदर १८७६ सालीं खुलें झालें. १९५० ते १९५३ या युद्धकाळांत देशाची तात्पुरती राजधानी येथें होती, आणि लाखों निर्वासितांनीं डोंगरांच्या उतारांवर घरें बांधलीं. त्या वस्त्यांच्या उभ्या पायऱ्या आजही चढाव्या लागतात. हेउन्दे येथील पुळण आणि जागाल्छीचा मासळीबाजार प्रसिद्धच आहेत. हवा सौम्य, समुद्र जवळ, मोठ्या शहराच्या बहुतेक सोयी हाताशीं आणि खर्च सोलपेक्षां कमी. यामुळें पुष्कळ शिक्षकांची पहिली पसंती बुसानला असते. अर्थात् पसंती पुष्कळांची म्हणून जागा मिळणें कठीण. २००४ सालीं सुरू झालेल्या जलद आगगाडीनें सोलहून येथें येण्यास सुमारें अडीच तास लागतात. शेजारच्या किम्हे गावाशीं आपलें एक जुनें नातें सांगतात. अयोध्येची एक राजकन्या समुद्रमार्गें येऊन तेथील राजाची राणी झाली, अशी कथा तेराव्या शतकांतील एका कोरियन ग्रंथांत आहे. ती इतिहास म्हणून नव्हे, पण कथा म्हणून त्या लोकांच्या मनांत आहे, आणि भारतीय पाहुण्याला ती हटकून ऐकावयास मिळते.

देगू. चोहोंकडून डोंगरांनीं वेढलेलें हें शहर उन्हाळ्यासाठीं प्रसिद्ध आहे. १ ऑगस्ट १९४२ रोजीं येथें ४० अंश उष्णमान नोंदलें गेलें आणि तो उच्चांक २०१८ पर्यंत देशांत टिकला. नागपूरच्या माणसाला यांत विशेष वाटणार नाहीं; पण हिंवाळाही तितकाच कोरडा व बोचरा असतो. कापडाचा धंदा, सोमुन बाजार आणि सफरचंदें यांसाठीं हें गांव ओळखलें जातें. १९०७ सालीं जपानचें कर्ज फेडून देश स्वतंत्र ठेवावा म्हणून तंबाखू सोडून वाचलेले पैसे देण्याची चळवळ येथें सुरू झाली आणि स्त्रियांनीं अंगावरचे दागिने दिले. लोक जुन्या वळणाचे, बोलणें थोडें रांगडें, पण ओळख झाल्यावर मदतीला तत्पर, अशी त्यांची ख्याति आहे.

देजॉन. देशाच्या मध्यभागीं, दोन मोठ्या लोहमार्गांच्या फाट्यावर हें शहर वाढलें. १९७३ पासून येथें विज्ञाननगरी उभारण्यांत आली. १९९३ सालीं मोठें जागतिक प्रदर्शन भरलें. संशोधन-संस्था पुष्कळ असल्यामुळें येथें भारतीय शास्त्रज्ञ व विद्यार्थीही भेटतात. शहर शांत, रस्ते रुंद. सोल सुमारें तासाभरावर. करमणूक कमी म्हणून कांहीं तरुण नांवें ठेवितात. पण अभ्यासू माणसाला आम्ही हेंच शहर सुचवूं.

ग्वांगजू. नैर्ऋत्येकडील हें शहर विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावें. १९२९ सालीं परकी सत्तेविरुद्ध येथील विद्यार्थ्यांनीं जी चळवळ केली, तिच्या स्मरणार्थ ३ नोव्हेंबर हा दिवस कोरियांत विद्यार्थिदिन म्हणून पाळला जातो. पुढें मे १९८० मध्यें लष्करी राजवटीविरुद्ध लोकशाहीसाठीं येथील नागरिक उठले; सैन्यानें तो उठाव चिरडला आणि कित्येकांचे प्राण गेले. २०२४ सालीं साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या लेखिका हान कांग यांचा जन्म याच शहरांतला. राहणी स्वस्त, जेवण देशांत नांवाजलेलें, आणि मुडुंग पर्वत शहराला लागून. ज्याला कोरियन माणसाचें मन समजून घ्यावयाचें आहे, त्याला येथील एक वर्ष सोलच्या दोन वर्षांइतकें शिकवील.

उल्सान. मोटारी व जहाजें बांधणारें हें औद्योगिक शहर आहे. कामगारांचीं कुटुंबें सुस्थितींत आहेत; परंतु येथें शहराची भुयारी रेल्वे नाहीं, सर्व भिस्त बसगाड्यांवर.

प्रांतांतील शहरें. जॉन्जू हें जुन्या कौलारू घरांचें आणि हातकागदाचें गांव. ग्यॉंग्जू ही प्राचीन सिल्ला राज्याची राजधानी. तेथील बुल्गुक मंदिर व सॉक्कुराम लेणें यांतील बुद्धमूर्ति पाहून अजिंठ्याच्या देशांतील माणसाला आपुलकी वाटल्यावांचून राहणार नाहीं. पूर्व किनाऱ्यावर गांगनुंग येथें २०१८ च्या हिंवाळी ऑलिंपिकचे बर्फावरील सामने झाले; तेथें बर्फ व समुद्र दोन्ही आहेत. जेजू बेटावर १९४७ मीटर उंचीचा हाल्ला पर्वत असून समुद्रांत बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या स्त्रिया आहेत. बेट सुंदर, पण वारा मोठा, आणि मुख्य भूमीवर येण्यास विमान किंवा जहाज लागतें.

खेड्यांतील शाळा

येथवर आम्ही शहरांचे गुणदोष शिक्षकाच्या सोयीच्या दृष्टीनें पाहिले. परंतु या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती विद्यार्थ्यांची आहे. कोरियांत जन्माचें प्रमाण जगांतील अत्यंत कमी प्रमाणांपैकीं एक आहे. २०२३ सालीं तें दर स्त्रीमागें सरासरी ०.७२ मूल इतकें खालीं आलें होतें. याचा पहिला आघात खेड्यांतील शाळांवर होतो. जेथें पूर्वीं शेंकडों मुलें होतीं, तेथें कोठें वीस, कोठें दहा उरलीं. कित्येक शाळा बंद झाल्या. सोलच्या मुलाला इंग्रजीसाठीं शाळेखेरीज शिकवणीवर्ग आहेत, आईबाप पैसा खर्च करतात. डोंगरांतील किंवा बेटावरील मुलाला शाळेंत येणारा तो एक परदेशी शिक्षकच काय तो दिसतो. पण परीक्षा दोघांना एकच. नोव्हेंबरांत होणाऱ्या विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेंत इंग्रजी ऐकण्याचा प्रश्न चालू असतांना आवाज होऊं नये म्हणून देशभर विमानांचें उतरणें-उडणें थांबवितात, इतकें त्या परीक्षेचें महत्त्व. त्या क्षणीं सोलचा मुलगा आणि खेड्यांतली मुलगी एकच ध्वनिफीत ऐकत असतात. पण दोघांची तयारी एकसारखी झालेली असते काय?

खेड्यांत गेलेल्या शिक्षकाला बस चुकली तर तासभर थांबावें लागतें, संध्याकाळ लवकर मावळते, इंग्रजी बोलणारें कोणी नसतें. परंतु मुख्याध्यापक त्याला नांवानें ओळखतात, मुलें रस्त्यांत वांकून नमस्कार करतात, आणि हिंवाळ्याच्या तोंडावर घरोघर किमची घालण्याचें काम निघालें म्हणजे शेजारीण वाटीभर आणून देते. आपल्याकडे उन्हाळ्यांत पापड-लोणच्यांचें काम असतें, तसेंच हें. शिक्षकाला तेथें ‘सॉन्सेंगनिम’ असें आदरानें म्हणतात. सेजोंग राजाचा जन्मदिवस, १५ मे, हाच शिक्षकदिन म्हणून पाळतात. जेथें एका शिक्षकाच्या जाण्यायेण्यानें खरोखर फरक पडतो, अशा ठिकाणीं हा मान अधिक खरा वाटतो.

मग निवड कशी करावी?

तीन उदाहरणें घेऊं. एक तरुण असा कीं, त्याच्या शिक्षणासाठीं घरच्यांनीं कर्ज काढलें आहे. त्यानें देगू, ग्वांगजू किंवा एखादा प्रांत मागावा. तेथें खर्चाला वाव कमी आणि शिल्लक अधिक. दुसरी तरुणी प्रथमच घराबाहेर पडत आहे, तिला एकटेपणाची भीति वाटते. तिनें बुसान, इंचॉन किंवा देजॉन मागावें. तेथें सोबत मिळते, पण सोलची गर्दी नसते. तिसऱ्याला पुढें कोरियन भाषेचा अभ्यास करावयाचा आहे. त्यानें पहिलें वर्ष लहान गांवीं काढून भाषा बोलावयास शिकावी, आणि मग सोलच्या विद्यापीठांत जावें. क्रम उलटा केला तर दोन्ही गोष्टी अर्ध्या राहण्याचा संभव. या उदाहरणांत न बसणारे वाचक असतीलच. त्यांनीं वरील पांच गोष्टी कागदावर उतरवून प्रत्येकीपुढें आपली गरज लिहावी, आणि शेवटीं ज्या दोन गोष्टींवांचून आपला दिवस जाणारच नाहीं, त्यांच्याखालीं रेघ ओढावी. सर्वच गोष्टी एका शहरांत मिळत नाहींत. दोन मिळाल्या तरी पुष्कळ.

पालकांच्या मनांतील एक शंका येथें सांगितली पाहिजे. उत्तर कोरियाची सरहद्द सोलपासून सुमारें पन्नास किलोमीटरांवर आहे, आणि २७ जुलै १९५३ रोजीं झाला तो केवळ युद्धविराम. तह अद्यापि झालेला नाहीं. ही गोष्ट खरी आहे. तरीही तेथील लोकांचे नित्य व्यवहार सुरळीत चालतात, आणि रात्रींबेरात्रीं रस्त्यानें जाण्यास तेथें सहसा भीति वाटत नाहीं. मुलानें किंवा मुलीनें पोंचतांच भारतीय वकिलातींत आपलें नांव नोंदवावें आणि शाळेचा, घराचा व मुख्याध्यापकांचा पत्ता घरीं कळवावा. कोरियाचें घड्याळ आपल्यापुढें साडेतीन तास असतें. म्हणून आपल्याकडे रात्रीं नऊ वाजतां विचारपूस करावयास बसलों, तर तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. दिवाणखान्यांतील गप्पांची वेळ संध्याकाळीं पांच-सहाची ठरविली तर दोघांनाही सोयीचें होईल.

सारांश, कोरियांत वाईट म्हणावें असें शहर नाहीं. परंतु प्रत्येक शहर प्रत्येकासाठीं नाहीं. प्रथम आपली गरज ओळखावी, मग नकाशा उघडावा. आणि इतकें करूनही कचेरीनें भलत्याच गांवीं पाठविलें तर हिरमुसून जाऊं नये. ज्या गांवाचें नांवही आपण ऐकलें नव्हतें, तेथेंही सकाळीं घंटा होते, मुलें रांगेनें आंत येतात आणि नव्या शिक्षकाकडे डोळे लावून बसतात. शिकविण्याची हौस घेऊन गेलेल्या माणसाला त्यापुढें शहराचा प्रश्न फार दिवस सतावीत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणाला पुढेंमागें हा योग आला, तर अर्जाची ती ओळ लिहितांना त्याला या लेखाची आठवण व्हावी, एवढीच आमची इच्छा आहे.